झाडांच्या कडेला गंजणारे लोखंड

कोकणात लोखंड टिकत नाही, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. खिडकीचे गज, फाटक, गोठ्यावरचा पत्रा, विहिरीची कप्पी, सगळे खाऱ्या वाऱ्याने आणि चार महिन्यांच्या पावसाने तांबूस होते आणि पापुद्रे सुटू लागतात. दर दोन वर्षांनी पावसाळ्याआधी पॉलिश पेपरने गंज खरवडायचा, रेड ऑक्साइडचा हात मारायचा आणि त्यावर रंग द्यायचा, हा आमच्या घरचा ठरलेला कार्यक्रम. अब्बा हयात होते तोवर ते स्वतः करत. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई एकदा हसून म्हणाल्या होत्या, "ज्या रेड ऑक्साइडने तुम्ही गंज थांबवता ना, त्याचा तांबडा रंगही लोखंडाच्या ऑक्साइडचाच. गंजाचाच सख्खा भाऊ!"

या रंगकामातून एकच वस्तू सुटत असे. पडवीतली दादांची लोखंडी पेटी. आमचे दादा, म्हणजे अब्बांचे वालिद, गोऱ्यांच्या आगबोटीवर आगवाले होते. भट्टीत कोळसा टाकायचे काम. पेटीच्या झाकणावर पांढऱ्या रंगाने इंग्रजीत त्यांचे नाव लिहिलेले होते. रंग लावला तर नाव जाईल म्हणून अब्बा हात लावू देत नसत. रंग लावला नाही म्हणून गंज चढला, आणि नाव तसेही जातच राहिले.

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी भावाकडे सिडनीला गेले, तेव्हा या पेटीचा विषय निघालाच. घराची दुरुस्ती काढायची आहे. भाई म्हणाला, "ती पेटी भंगारवाल्याला देऊन टाक. तळ सुद्धा राहिला नसेल तिला." मी काही बोलले नाही. तेरा वर्षांचा भाचा शेजारी बसून ऐकत होता. तो म्हणाला, "फुफी, शनिवारी मी तुला गंजलेले खांब दाखवतो. मुद्दाम गंजवलेले." मला वाटले, पोरगा मस्करी करतो आहे. गंज बघायला दहा हजार किलोमीटर कशाला यायचे?

शनिवारी सकाळी आम्ही दोघे लोकल गाडीने सर्क्युलर की स्टेशनवर उतरलो. रात्री पाऊस पडून गेला होता आणि गार वारा होता. तिकडे मे महिना म्हणजे थंडीची सुरुवात. हे स्टेशन जमिनीपासून उंचावर आहे. फलाटावरूनच समोर बंदर दिसते. उजवीकडे ऑपेरा हाऊस, डावीकडे तो प्रसिद्ध पूल. 1932 साली खुला झालेला हा पूल सुमारे 52,800 टन पोलादाचा आहे आणि त्यात साठ लाखांच्या आसपास रिव्हेट ठोकलेले आहेत. समुद्राच्या हवेत उभा असल्यामुळे त्याला सतत रंग द्यावा लागतो. एका टोकाचे काम संपेपर्यंत दुसऱ्या टोकाला पुन्हा सुरू करायची वेळ येते, असे तिथले लोक गमतीने म्हणतात. मला अब्बांची आठवण झाली. बंदराकडे पाठ करून आम्ही चढाचा रस्ता धरला. पाचएक मिनिटांत ब्रिज स्ट्रीट आणि फिलिप स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, म्युझियम ऑफ सिडनीच्या अंगणात आलो.

अंगण म्हणजे फरसबंदी चौक. मागे काचेचा उंचच उंच टॉवर. आणि चौकाच्या एका बाजूला, गर्दीत माणसे उभी असावीत तसे खांब. काही लाकडाचे, काही वालुकाश्माचे, काही पोलादाचे. एकंदर 29. पोलादाच्या खांबांना कसलाही रंग नाही. वरपासून खालपर्यंत तांबूस, कुठे नारिंगी, पावसाचे ओघळ जिथून गेले तिथे जवळजवळ काळे. आमच्या गावचे एखादे जुने फाटक उचलून आणून उभे करावे तसे.

या कलाकृतीचे नाव मराठीत सांगायचे तर 'झाडांची कड'. 1995 साली, म्युझियम उघडले तेव्हाच, जॅनेट लॉरेन्स आणि फियोना फोली या दोन कलावंत स्त्रियांनी ती घडवली. लॉरेन्स सिडनीच्या. पदार्थ झिजतो, कुजतो, बदलतो, हाच त्यांच्या कामाचा विषय. फोली या क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावरच्या क'गारी बेटाच्या, बाद्जाला या आदिवासी समाजाच्या. सिडनीच्या परिसरात गोरे येण्यापूर्वी जी आदिवासी कुळे राहत होती, त्यांपैकी 29 कुळांसाठी हे 29 खांब. नाव एका इतिहासकाराच्या लेखावरून घेतले आहे. लाटांतून धडपडत किनाऱ्याला लागणाऱ्यांना आपण 'शोधक' म्हणतो, पण त्या वेळी झाडांच्या कडेला उभे राहून कुणीतरी त्यांच्याकडे बघत होते, अशी ती कल्पना. म्हणजे हे खांब झाडेही आहेत आणि बघणारी माणसेही.

मी खांबांमधून हळूहळू चालले. लाकडाचे खांब जुन्या पाडलेल्या कारखान्यांच्या तुळयांचे आहेत, आणि त्या तुळया ज्या झाडांच्या होत्या ती झाडे एके काळी याच भागात वाढत. त्यांच्यावर झाडांची नावे कोरलेली किंवा डागलेली आहेत, एकदा लॅटिनमध्ये आणि एकदा आदिवासींच्या भाषेत. सोबत पहिल्या गलबतांमधून आलेल्या गोऱ्यांच्या सह्याही. दगडी खांबांवर गावांची, खाड्यांची नावे, दोन्ही भाषांत. काही लाकडी खांबांना बारीक खिडक्या ठेवल्या आहेत. आत शिंपले, हाडे, पिसे, राख, मध आणि माणसाचे केस. आणि जवळ गेले की कुजबुज ऐकू येते. आदिवासी स्त्रीपुरुषांचे आवाज जुन्या जागांची नावे उच्चारत असतात. शहराखाली गाडल्या गेलेल्या जागांची. मला त्यातले एकही नाव कळत नव्हते, पण भाषा शिकवणाऱ्या माणसाला शब्दाचा नुसता उच्चारही पुरतो. एका खांबाला कान लावून मी बराच वेळ उभी राहिले. बाजूने कॉफीचे पेले घेऊन लोक जात होते.

भाच्याने मात्र थेट पोलादाच्या खांबावर बोट घासले आणि मला दाखवले. बोट तांबडे झाले होते.

गंजाची रीत आपल्याला माहीत आहे. लोखंडाला पाणी आणि हवेतला प्राणवायू दोन्ही मिळाले की गंज धरतो. साधा गंज भुसभुशीत असतो. तो पापुद्र्याने सुटतो आणि खालचे नवे लोखंड पुन्हा उघडे पडते, म्हणून तो आत आत खात जातो. जस्ताचे तसे नसते. जस्तावर राखाडी पातळ थर बसतो आणि तोच आतल्या धातूला राखतो, म्हणून तर आपण पत्र्याला जस्ताचा मुलामा देतो. पोलादात थोडे तांबे आणि क्रोमियम मिसळले तर गंजाचाच थर घट्ट बसून राहतो, असेही पोलाद आता पूल, इमारती आणि शिल्पांसाठी वापरतात. पण कुठलेही पोलाद असो, रंग न देता उघड्यावर उभे केले की पाऊस, धुके, समुद्राची हवा त्यावर आपले लिहीत जातात. ते खांब 1995 साली जसे होते तसे आज नाहीत, आणि आज आहेत तसे पुढच्या वर्षी नसतील.

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते म्हणून एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. उर्दूत गंजाला 'ज़ंग' म्हणतात आणि लढाईला 'जंग'. पहिल्या अक्षराचाच काय तो फरक, एकात ज़े आणि दुसऱ्यात जीम. मराठीत लिहिताना तोही उरत नाही. वर्गात मुले दर वर्षी यात चुकतात आणि मी दर वर्षी लाल शाईने दुरुस्त करते. त्या चौकात उभे राहिल्यावर वाटले, मुलांची चूक फार मोठी नव्हती.

कारण ती जागा साधी नाही. 26 जानेवारी 1788 रोजी अकरा जहाजांचा ताफा घेऊन कॅप्टन आर्थर फिलिप खालच्या बंदरात उतरला. इंग्लंडच्या तुरुंगांत न मावणारे कैदी आणून इथे वसाहत करायची होती. ज्या खाडीत तो उतरला तिला तिथले लोक वारान म्हणत. जमीन गॅडिगल कुळाची. फिलिपने गव्हर्नरचे घर बांधायला घेतले ते आपण उभे होतो त्या ठिकाणी. पायाभरणीचा 15 मे ही तारीख असलेला तांब्याचा पत्रा जमिनीत पुरला. पुढे 1845-46 मध्ये घर पाडले गेले आणि लोक ते विसरले. 1899 साली टेलिफोनच्या तारांसाठी खणताना तो पत्रा सापडला, अक्षरांसकट. 1983 मध्ये पाया सापडला. तिथे टॉवर उठणार होता. लोकांनी आवाज उठवला, टॉवर मागे सरकला आणि पायावर म्युझियम आले. आजही चौकातल्या फरशीवर त्या घराच्या भिंतींची आखणी दिसते.

गव्हर्नरचा तांब्याचा पत्रा शंभराहून अधिक वर्षे मातीत राहूनही वाचता येत होता. त्याच बागेत पुरलेल्या दुसऱ्या एकाची खूण मात्र कुठे नाही. त्याची हकीकत मी म्युझियममध्ये भाच्याकडून ऐकली आणि नंतर वाचून खात्री केली.

आदिवासी लोक वसाहतीच्या जवळ येईनात, तेव्हा गव्हर्नरने एखाद्याला पकडून आणायचे ठरवले. म्हणजे त्याच्याकडून भाषा शिकता येईल! (परकी भाषा शिकायची ही पद्धत कुठल्याही बीएडच्या पुस्तकात नाही.) 31 डिसेंबर 1788 रोजी अरबानू नावाच्या तरुणाला खाडीपलीकडच्या मॅन्लीच्या किनाऱ्यावर धरले. त्याच्या डाव्या मनगटात लोखंडी कडी घालून तिला दोर बांधला. वॉटकिन टेंच नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे की, सुरुवातीला अरबानू खूश झाला. त्याला वाटले, हा दागिना आहे. त्याने त्याला आपल्या भाषेतला दागिन्याचा शब्द लावला. टेंचने तो शब्द टिपला आहे: बेंगडी. मग ती कडी कशासाठी आहे हे त्याला कळले आणि आनंदाचा संताप झाला.

बेंगडी. आपली बांगडी! दोन भाषांचा काडीचाही संबंध नाही, हा निव्वळ योगायोग आहे. तरी माझे लक्ष आपल्या हातांकडे गेले.

पुढे त्याची बेडी काढली. तो गव्हर्नरच्या टेबलावर जेवू लागला. सगळे त्याच्या सौम्य स्वभावाचे कौतुक करत. एप्रिल 1789 मध्ये देवीची साथ आली आणि खाडीच्या काठाकाठाने त्याच्या लोकांची प्रेते दिसू लागली. आजूबाजूचे निम्मे लोक गेले असावेत, असा खुद्द गव्हर्नरचा अंदाज होता. वसाहतीत आणलेल्या आजारी मुलांची अरबानूने शुश्रूषा केली, त्यालाही देवी आल्या आणि 18 मे 1789 रोजी तो वारला. गव्हर्नरने त्याला आपल्या बागेत पुरले आणि स्वतः दफनाला हजर राहिला. त्यानंतर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दुसऱ्याला पकडून आणले आणि त्यालाही बेडी घातली. तो बेनेलाँग. ऑपेरा हाऊस ज्या टोकावर उभे आहे त्या जागेला त्याचे नाव आहे. पर्यटकांना ते नाव उच्चारता येते, बेडीचे माहीत नसते.

लोखंडात मोठी ताकद आहे आणि माणसांसाठी फायदेही आहेत, हे आपण सूरह हदीदमध्ये वाचतो. सूरहचे नावच लोखंड. त्या चौकात दोन्ही गोष्टी एकदम समोर होत्या. हेच लोखंड ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर, सिडनीपासून हजारो किलोमीटर दूर, वेगळ्या हातांनी पोहोचले होते. तिथे मकास्सरचे मुसलमान दर्यावर्दी दर पावसाळी वाऱ्यांबरोबर येत, समुद्रकाकडी गोळा करत, उकडून वाळवत आणि वारा फिरला की परत जात. ते योल्ङू आदिवासींना लोखंडी सुऱ्या, कुऱ्हाडी, कापड, तांदूळ, तंबाखू देत. भांडणे झाली, रक्तही सांडले, पण त्यांनी गव्हर्नरचे घर बांधले नाही. त्यांचे कितीतरी शब्द योल्ङूंच्या भाषांत आजही आहेत. पैशाला ते 'रुपिया' म्हणतात! दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या सरकारने परवाने बंद केले आणि 1907 च्या सुमारास ही येजा थांबली.

हे मी भाच्याला सांगत होते तेव्हा आम्ही बाकावर बसून भाभीने दिलेले कबाब-पाव खात होतो. त्याने मध्येच विचारले, "फुफी, मग आपण कुठल्या बाजूचे? झाडांच्या की जहाजांच्या?"

हा प्रश्न त्याचा एकट्याचा नाही. 26 जानेवारीला त्याच्या घरी दुपारी मोबाइलवर दिल्लीचे संचलन लागते. बाहेर ऑस्ट्रेलिया डे असतो, झेंडे आणि फटाके. आणि आदिवासी लोक त्याच दिवशी शोक पाळतात, मोर्चे काढतात. शोकदिन म्हणून 26 जानेवारी पाळण्याची सुरुवात त्यांनी 1938 सालीच सिडनीत केली. त्याच्या शाळेत आदिवासी मुले आहेत, इंग्रज वंशाची आहेत, लेबनॉनची, अफगाणिस्तानची आहेत. जन्माने ऑस्ट्रेलियन, नावाने आमचा, अशा या मुलाला तिन्ही 26 जानेवारी एका दिवसात बसवाव्या लागतात.

मी शिक्षिका, उत्तर न देता गोष्ट सांगितली. नोव्हेंबर 1796 मध्ये 'सिडनी कोव्ह' नावाचे जहाज कलकत्त्याहून याच वसाहतीसाठी माल घेऊन निघाले. त्यावरचे बरेच खलाशी हिंदुस्थानी होते. फेब्रुवारी 1797 मध्ये टास्मानियाजवळच्या एका बेटावर ते फुटले. मदत आणायला सतरा जण होडीतून निघाले, बारा हिंदुस्थानी आणि पाच गोरे. ती होडीही फुटली. मग ते सिडनीच्या दिशेने किनाऱ्याकिनाऱ्याने सहाशेहून अधिक किलोमीटर चालले. वाटेत झाडांच्या कडेला माणसे उभी होतीच. काही ठिकाणी त्यांनी मासे दिले, आपल्या होड्यांतून नद्या पार करून दिल्या, काही ठिकाणी भाले फेकले. मे महिन्यात तीन जण जिवंत पोहोचले, त्यांत एक हिंदुस्थानी. त्या प्रवासाची रोजनिशी लिहिणाऱ्या साहेबाचे नाव पुस्तकांत आहे. बहुतेक खलाशांची नावे कुणी टिपून ठेवली नाहीत. ते खलाशी कलकत्त्याहून चढलेले, त्यात आमच्या कोकणचा कोणी होता असे मी म्हणत नाही. पण कंपनीच्या जहाजावर कामाला असलेला, चाकरीसाठी घराबाहेर पडलेला आणि वहीत नाव नसलेला माणूस आमच्या ओळखीचा आहे.

"म्हणजे जहाजातला, पण जहाज त्याचं नाही," भाचा म्हणाला. मी पावाचा तुकडा त्याच्या हातात दिला.

एक गोष्ट खटकली तीही लिहिते. ते खांब फार देखणे आहेत. ऊन पडले तेव्हा गंजाचा रंग असा काही चमकला की दोन मुली त्याला टेकून फोटो काढू लागल्या. मागे टॉवरच्या काचेत सगळे छान दिसत होते. दुःखाला इतके सुंदर केले की ते बघणाऱ्याला सोपे जाते, असे मला वाटले. फोली यांनाही हे कळले असावे. 2004 साली त्यांनी ब्रिस्बेनच्या न्यायालयाबाहेर एक काम केले. त्यात गावांची 94 नावे होती. पूर आणि आग लागलेल्या जागा, असे त्यांनी काम देणाऱ्यांना सांगितले. काम उभे राहिल्यावर उघड केले की त्या सगळ्या आदिवासींच्या कत्तलीच्या जागा आहेत. ते ऐकल्यावर माझी तक्रार जरा कमी झाली.

ज़ुहरला घरी पोहोचायचे होते, म्हणून निघालो. वुज़ू करताना भाच्याच्या बोटावरचा तांबडा डाग साबणानेही पुरता निघाला नाही. नखाच्या कडेला राहिलाच.

रात्री जेवताना भाईने पुन्हा पेटीचे काढले. "मग काय ठरलं? देतेस ना भंगारात?"

मी काही म्हणायच्या आत भाचा म्हणाला, "अब्बा, तिच्यावर दादांचं नाव आहे?"

"होतं," भाई म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "अजून दिसतं का गं काही?"

"चार अक्षरं दिसतात. पुढची गेली."

भाई थोडा वेळ पोळी मोडत राहिला. "जूनच्या आधी पडवीतून आत घे ती," तो म्हणाला. "आणि खाली विटा ठेव, जमिनीला टेकू देऊ नकोस."